टपाची गाडी

गाडी विकायची ठरली तेव्हा कुठं तिची फाइल बाहेर आली. आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लाकडी कपाटात दुकानाच्या खतावण्यांखाली ती दबून होती. मी शाळेत इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवली. शिवाजी महाराजांच्या तहाची कलमं मुलांकडून घोकून घेतली. पण घरातलं हे दप्तर काही कधी उघडून बघितलं नव्हतं.

सगळ्यात खालचा कागद पोर्तुगीज. मडगावचा, 1959 सालचा, आणि रक्कम एस्कुदोमध्ये. गोव्यात पोर्तुगीजांची रुपिया जाऊन एस्कुदो आला तो राज्य संपायच्या अगदी दोन-तीन वर्षं आधी, तेव्हा असा कागद म्हणजे दुर्मीळच. त्याच्यावर गोवा, दमण आणि दीवचा इंग्रजी कागद, जीडी अक्षरांचा नंबर. मग म्हैसूर राज्याचा, तोही इंग्रजी. 1973 साली म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्यानंतरचे कागद कन्नड. मराठी कागद एकसुद्धा नाही. आणि ह्या गाडीत बसून अठ्ठावन्न वर्षं आम्ही हसलो, रुसलो, भांडलो ते सगळं मराठीत! बेळगावकडच्या बायकांना ह्यात नवल वाटायचं नाही. आमचं सगळंच असं आहे.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर, कापडी टपाची. टप मागे दुमडला की वर नुसतं आभाळ. सगळी गल्ली तिला 'टपाची गाडी'च म्हणायची. मॉरिस हे नाव आमच्या आक्कांना, म्हणजे सासूबाईंना, आजही नीट घेता येत नाही. त्या 'मोरीस' म्हणतात, आणि ते गाडीला शोभतंही.

हिला घडवणारा अ‍ॅलेक इसिगोनिस हा स्मिर्नात जन्मलेला. तुर्कस्तानातल्या लढाईच्या धामधुमीत 1922 साली घरदार सोडून निघालेला, आणि विलायतेत येऊन इंजिनिअर झालेला पोरगा. नमुन्याची गाडी तयार झाली तेव्हा त्याला ती अरुंद वाटली. त्यानं काय करावं? गाडी मधोमध कापली, दोन अर्ध्या सरकवून बघितल्या, आणि 4 इंच रुंदी वाढवली. म्हणून बॉनेटच्या मधोमध तो चपटा पट्टा दिसतो. आम्ही लहान मुलांना सांगायचो, हा गाडीचा भांग आहे. 1948 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढं आली, तेव्हाच टपाची गाडीही सोबत होती. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड ह्यांना मात्र ती पसंत नव्हती. पाण्यात उकडलेल्या अंड्यासारखी दिसते म्हणाले. आमच्या घरात ही उपमा चालण्यातली नव्हती! पुढं हीच गाडी दहा लाखांचा पल्ला गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली आणि त्या आनंदात कंपनीनं 350 गाड्या फिक्या जांभळ्या रंगात काढल्या. आमची आपली राखाडी. 948 सीसीचं इंजिन, आणि वळताना दाराच्या मागून बाणासारखा पिवळा हात बाहेर यायचा. तो हात कधीकधी बाहेर येऊन तसाच राही, मग मागच्या सीटवरच्यानं थाप मारून तो आत घालायचा. हे काम माझं.

ती गोव्यातूनच का आली, त्यालाही कारण आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं परदेशी गाड्यांची दारं हळूहळू बंद झाली. मुंबईला शिवडीत 1928 पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासारखीच फोर्ड ह्या दोघींनी 1953 च्या टॅरिफ कमिशननंतर गाशा गुंडाळला. इथंच गाडी बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणार असाल तर नको, असं ते धोरण. राहिले कोण, तर हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर, स्टँडर्ड असे मोजके. हिंदुस्तान मोटर्सनं मायनर 'बेबी हिंदुस्तान' ह्या नावानं थोडी वर्षं काढली होती, पण आप्पांना हवी होती ती टपाचीच.

प्रीमियरचं नाव निघालं की आमच्या समाजातल्या माणसाची मान जरा ताठ होते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद आपल्यातले. विमानं, जहाजं, साखर, आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. त्यांच्या जहाज कंपनीची कथा ग्वाल्हेरच्या वाचकांना ठाऊक असेल. 1919 साली त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी जे 'लॉयल्टी' जहाज विकत घेतलं, ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं. पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं. म्हणूनच कंपनीला सिंदिया नाव पडलं. एकाची जुनी वस्तू विकली जाते आणि दुसऱ्याचा उद्योग तिथून सुरू होतो, असं हे. पण शेठजींबद्दल एवढा अभिमान असूनसुद्धा आप्पांनी फियाटसाठी नंबर लावला नाही. 'रांगेत पाच-सहा वर्षं उभं राहून बंद डबा घ्यायचा?' असं म्हणायचे.

गोव्यात हे निर्बंध नव्हते. खनिजाचा पैसा खेळत होता, आणि 1955 नंतर भारतानं नाकेबंदी केल्यावर तर बंदरातून येणाऱ्या परदेशी मालावरच गोवा चालला. गाड्याही आल्या. आणखी एक गंमत : पोर्तुगालनं 1928 साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. त्यामुळं तिथल्या गाडीचं चाक आपल्यासारखंच उजव्या हाताला. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि 1964 मध्ये आप्पांनी मडगावच्या एका खाणवाल्याच्या मुनीमाकडून ही गाडी घेतली. फोंडा, मोले, अनमोड घाट, खानापूर असे उघड्या टपानं आले. घरी पोचले तेव्हा तांबड्या मातीनं एवढे माखले होते की दार उघडणाऱ्या आत्यांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, 'कोण पायजे?' म्हणून विचारलं!

आक्कांनी पहिल्या दिवशीच दोन गोष्टी ठरवल्या. एक, प्रवासात पदर दाताखाली धरायचा नाही, खोचून वर रुमाल बांधायचा. दुसरी, रेडिएटरला पाणी घालायचं ते गाळून. फडक्यातून. मेस्त्री हसला म्हणे. पण त्याच मेस्त्रीनं चाळीस वर्षांनी मला सांगितलं, 'वहिनी, ह्या गाडीचा रेडिएटर एकदाबी चोंदला न्हाई.' 1967 साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता, तेव्हा हीच गाडी गेली. आप्पा, आक्का, आत्या आणि दोन पोरं. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून प्रवासाचं वेळापत्रक घड्याळावर नव्हे, उन्हावर. हुबळी, हावेरी, दावणगेरे. पाच वाजले की जिथं असू तिथं गाडी झाडाखाली, डब्यातल्या दशम्या आणि शेंगाचटणी बाहेर. टपाच्या गाडीचा एक फायदा आक्का अजून सांगतात : ऊन किती उरलंय ते मान वर केली की कळायचं.

1968 मध्ये त्या गाडी चालवायला शिकल्या. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानात, पहाटे. बायकांनी बस्तीत कुजबूज केली. आक्का म्हणाल्या, 'दर्शनाला येते ती चालत येते की चाकावर, देवाला काय फरक?' विषय संपला.

आता खरी गोष्ट. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पुण्याचं गिऱ्हाईक आणलं. जुन्या गाड्यांचा शौकीन, तरुण माणूस, जाणकार. टप कापून बनवलेल्या खोट्या गाड्या पुष्कळ असतात, म्हणून त्यानं खाली झोपून तळाच्या जादा पट्ट्या तपासल्या आणि चासी नंबरातलं 'टी' हे अक्षर बघून खूश झाला. ते अक्षर म्हणजे टपाची गाडी. मग त्यानं 2021 चा नवा नियम समजावला. 50 वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी, पाटीवर 'व्हीए' अक्षरं, 20 हजार रुपये फी, आणि रोजच्या वापराला बंदी.

'रोज चालवायची नाही? मग घेता कशाला?' आक्कांनी विचारलं. वय 84. त्याच्याकडं उत्तर नव्हतं, बिचारा लाजला.

साडेपाच लाखांत सौदा पक्का होत होता. भाऊजींच्या मनात पैशाचे तीन भाग झालेले. तेवढ्यात मी फाइलमधलं नोंदणीपुस्तक उघडलं. मालकाच्या रकान्यात आप्पांचं नाव 1971 साली खोडलेलं आणि खाली आक्कांचं. घरात सगळे गप्प. आक्का तेवढ्या शांत. त्यांना माहीत होतं.

1971 साली आप्पांच्या गुळाच्या आडत दुकानात भागीदारानं दगा दिला, देणेकरी दारात आले. गाडी जप्तीत जाऊ नये म्हणून ती रातोरात बायकोच्या नावावर. आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांच्या नावावर घरं आणि शेतं झाली ती अशीच, प्रेमापोटी नव्हे, धाकापोटी. इतिहासाच्या पुस्तकात मी मुलींना स्त्रियांचा मालमत्तेचा हक्क शिकवला, 1956 चा वारसा कायदा शिकवला. ही तिसरी वाट कुठल्याच धड्यात नव्हती.

आक्का म्हणाल्या, 'सहा लाखाच्या खाली देणार नाही.' भाऊजी म्हणाले, 'आक्का, गिऱ्हाईक जाईल.' 'जाऊ दे.' पाच पंचाहत्तरला आलं, तरी नाही. ही म्हातारपणाची हाव की काय, असं माझ्याही मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. त्यातून आक्कांचं परिग्रह-परिमाण व्रत आहे. 1981 मध्ये बाहुबलीच्या मूर्तीला हजार वर्षं झाली, त्या महोत्सवात महाराजांसमोर घेतलेलं. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांच्या एका जुन्या यादीत 'यान' आहे ना, त्याप्रमाणं वहीत लिहिलंय : यान एक. रोख एक्कावन्न हजार. ह्याच्यावर एक पैसा त्यांच्या नावावर राहायचा नाही. मग सहा लाखांचा हट्ट कशाला?

संध्याकाळी त्यांनी मला सराफाला फोन लावायला सांगितला. सोन्याचा भाव विचारला. 10 ग्रॅमला 50 हजार. 'तोळ्याला सांग म्हणावं. जुन्या तोळ्याला.' हल्लीचा सराफ 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतो, पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आक्कांनी मला दहा तोळ्यांचा हिशेब करायला लावला. 5 लाख 83 हजार.

'तुझ्या आत्यांच्या पाटल्या,' त्या म्हणाल्या.

त्याच 1971 मध्ये दुकान सावरलं ते आत्यांच्या चार पाटल्यांवर. नुकत्याच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. 10 ग्रॅमला दोनशेच्या आतबाहेर भाव तेव्हा, सगळे मिळून दोन-सव्वादोन हजार आले आणि तेवढ्यानं दुकान उभं राहिलं. मी त्या रात्री 1971 ची खतावणी काढून पानन् पान बघितली. भागीदाराचं नाव आहे, हमालाच्या बारा आण्यांची नोंद आहे, बस्तीची वर्गणी आहे. पाटल्या नाहीत. जमेच्या बाजूला नुसतं 'घरातून आले' एवढंच.

आत्या सांगलीत पुतण्याकडं असतात. त्यांनी कधी विचारलं नाही, आप्पांनी कधी दिलं नाही. आप्पांबद्दल मला आदर आहे, पण हे लिहायला हवं.

भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. घराच्या गच्चीला गळती आहे, तिचा खर्च त्यांनी त्या पैशात धरला होता, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच गिऱ्हाइकाला सहा लाखांवर आणलं. फॉर्म 28, 29, 30 घेऊन ते आक्कांच्या शेजारी बसले आणि कुठं कुठं सही करायची ते बोटानं दाखवत गेले. आक्कांनी प्रत्येक सही देवनागरीत, पूर्ण नावानं, सावकाश केली. त्या फाइलमधलं पहिलं मराठी अक्षर ते.

वरचे 17 हजार मेस्त्रीच्या हातात गेले. चेक घेऊन मी आणि भाऊजी सांगलीला गेलो. आत्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, 'टपाची गाडी विकली व्हय रे? मग आता आक्का बस्तीला कशानं जाते?' पाटल्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. आम्हीही नाही.

गाडी न्यायला पुण्याहून मोठा ट्रक आला, त्याच्या पाठीवर चढवून नेणार होते. आक्का तांब्या आणि फडकं घेऊन बाहेर आल्या. ड्रायव्हर म्हणाला, 'आजी, ती चालवत न्यायची नाही, पाणी कशाला?' त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि गाळून पाणी घातलंच. मग टप खाली करायला सांगितला. पावसाचं वातावरण होतं, खरेदीदार कुरकुरला, पण त्यानं ऐकलं. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा तो पिवळा हात आपोआप बाहेर आला आणि तसाच अडकून राहिला. थाप मारायला मागं कुणी नव्हतं.