होमजी भगिनी
मुंबईच्या पारशी मिनोचर-होमजी कुटुंबातील गायक-वादक बहिणींचे पथक. मुंबईत 1927 साली नभोवाणी केंद्र सुरू झाल्यावर त्यांचे कार्यक्रम गाजले. थोरल्या खोर्शेद संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या शिष्या. चित्रपटनिर्माते हिमांशू राय यांनी खोर्शेद व त्यांची बहीण माणेक यांना आपल्या बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेत आणले. चित्रपटात काम केल्याबद्दल पारशी समाजाचा रोष टाळण्यासाठी खोर्शेद सरस्वतीदेवी झाल्या, माणेक चंद्रप्रभा. तरीही ‘जवानी की हवा’वर (1935) पारशी समाजातून निदर्शने झालीच. याच चित्रपटात माणेकचा घसा बसला. तिने कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवले, गायली बहीण खोर्शेद. भगिनीगायनाचा इतका जिव्हाळ्याचा दाखला दुसरा नसावा. ‘अछूत कन्या’ (1936) आणि महायुद्धकाळातील ‘बंधन’ (1940), ‘झूला’ (1941) यांनी संगीतकार सरस्वतीदेवींचे नाव घरोघरी पोहोचवले.