अबू मूसा आणि दोन तुंब : तीन बेटं, दोन शेजारी आणि बाहेरचे दोस्त

आखाताच्या बातम्यांत ‘तीन बेटांचा मसला’ हे शब्द अधूनमधून येतच असतात. आखाती देशांची बैठक झाली की निवेदनात बेटांचा उल्लेख होतो आणि लगेच तेहरानहून निषेध येतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांतली माणसं दुबई-शारजात नोकरीला आहेत. तरीही ही बेटं नेमकी कुठे आहेत आणि भांडण कशाचं आहे, हे फार थोड्यांना सांगता येतं. म्हणून हा विषय आम्ही सुरुवातीपासून मांडत आहोत.

बेटं कोणती आणि कुठे?

अबू मूसा, मोठं तुंब आणि लहान तुंब अशी ही तीन बेटं. अबू मूसा साधारण १२ चौरस किलोमीटरचं, मोठं तुंब सुमारे १० आणि लहान तुंब जेमतेम २ चौरस किलोमीटरचं. अबू मूसा इराण आणि शारजा या दोन्ही किनाऱ्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहे. दोन्ही तुंब इराणला जवळ आहेत. आज तिन्ही बेटं इराणच्या ताब्यात आहेत. अबू मूसावर शारजाचा आणि दोन्ही तुंबांवर रास अल खैमाचा हक्क असल्याचं संयुक्त अरब अमिरातीचं म्हणणं आहे.

एवढ्याशा जमिनीसाठी एवढा वाद का? कारण बेटं होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहेत. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल या वाटेने जातं, आणि मोठ्या जहाजांचे ठरलेले मार्ग तुंब बेटांच्या जवळून जातात. शिवाय अबू मूसाजवळच्या समुद्रात तेल आहे. ज्याची बेटं त्याचा भोवतालचा समुद्र, असा हा हिशोब आहे.

दोघांचे दावे

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कवासिम हे अरब घराणं आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवर होतं. एक शाखा शारजा आणि रास अल खैमात, दुसरी पलीकडे इराणच्या लिंगे बंदरात. बेटं ही घराण्याची सामाईक मालमत्ता होती आणि लिंगेची शाखा सगळ्यांच्या वतीने कारभार पाहत होती, असं अरब बाजू सांगते. लिंगेचे शेख इराणच्या बादशाहाचे अंमलदार होते, म्हणून बेटं इराणचीच, असं इराण सांगतो. १८८७ मध्ये इराणने लिंगे थेट आपल्या हाती घेतलं, तिथून वाद पेटला.

इंग्रज मधे कसे आले?

या गोष्टीत मुंबईचाही भाग आहे. १८१९ मध्ये रास अल खैमावर चालून गेलेली ब्रिटिश मोहीम मुंबईहूनच निघाली होती. १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला आणि १८९२ च्या करारांनी या शेखांचे परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेले. बूशहरमधला ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच हाताखाली काम करत होता.

इंग्रजांची भूमिका मात्र सरळ नव्हती. १८८० च्या दशकातल्या त्यांच्याच युद्धखात्याच्या नकाशात ही बेटं इराणच्या रंगात दाखवली होती, आणि इराण आजही तो नकाशा पुढे करतो. पुढे १९०३ मध्ये इंग्रजांच्याच सल्ल्याने बेटांवर कवासिमांचे झेंडे लागले. १९०४ मध्ये इराणच्या जकात अधिकाऱ्यांनी आपले झेंडे लावले, तर ब्रिटिश दबावामुळे ते काढावे लागले.

१९७१ : एका दिवसाचं अंतर

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केलं की १९७१ च्या अखेरीस आपण आखातातून निघून जाणार. आता या समुद्राची राखण कोण करणार, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेची नजर इराणच्या शहावर आणि सौदी अरबवर होती. शहाने १९७० मध्ये बहरीनवरचा दावा सोडला, पण बेटांचा हट्ट सोडला नाही.

ब्रिटनच्या मध्यस्थीने शारजा आणि इराण यांच्यात अबू मूसाबद्दल समझोता झाला आणि २९ नोव्हेंबर १९७१ ला तो जाहीर झाला. मालकीचा दावा दोघांपैकी कुणीही सोडला नाही. बेटाच्या ठरलेल्या भागात इराणचं सैन्य, उरलेल्या भागात शारजाचा झेंडा आणि पोलीस, तेलाचं उत्पन्न निम्मं-निम्मं. शिवाय इराणने शारजाला काही वर्षं दरसाल १५ लाख पौंड द्यायचे. रास अल खैमाच्या शेखांनी तुंबांसाठी असा समझोता करायला नकार दिला.

३० नोव्हेंबरला इराणचं सैन्य बेटांवर उतरलं. मोठ्या तुंबावर गोळीबार झाला आणि रास अल खैमाचा पोलीस शिपाई सालेम सुहैल मारला गेला. ब्रिटनचे संरक्षण करार दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला संपणार होते. म्हणजे कागदावर त्या दिवशी संरक्षणाची जबाबदारी ब्रिटनचीच होती. पण ब्रिटनने सैन्य हलवलं नाही. २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिरात जन्माला आली, ती हा वाद कडेवर घेऊनच. रास अल खैमा त्यात फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झालं.

त्यानंतर राग निघाला, पण बेटं परत आली नाहीत. लिबियाने ब्रिटिश पेट्रोलियमचं तिथलं काम ताब्यात घेतलं. इराकने इराण आणि ब्रिटन दोघांशी संबंध तोडले. सुरक्षा परिषदेत डिसेंबरमध्ये चर्चा झाली आणि विषय पुढे ढकलला गेला. समझोता करणारे शारजाचे शेख खालिद जानेवारी १९७२ मधल्या बंडात मारले गेले.

१९९२ : शिक्षकांचं जहाज

वीस वर्षं अबू मूसावर कसाबसा समझोता चालला. १९९२ मध्ये इराणने शारजाचे नागरिक नसलेल्यांना बेटावर उतरण्यापासून अडवलं. ऑगस्टमध्ये शिक्षक आणि त्यांची कुटुंबं घेऊन आलेलं जहाज परत पाठवलं गेलं. बेटावरच्या अरब मुलांना शिकवणारे हे बहुतेक इजिप्शियन शिक्षक होते. झेंडा कुणाचा हा वाद राजधान्यांचा. पण त्या वर्षी वर्गात मास्तर येणार की नाही, हा प्रश्न बेटावरच्या मुलांचा झाला. आम्ही शिक्षक असल्याने असेल, पण या साऱ्या प्रकरणात आम्हाला हीच नोंद सगळ्यात जास्त बोचते.

आजचे दोस्त काय करतात?

अमेरिका आणि फ्रान्स यांचे अमिरातीशी १९९० च्या दशकापासून संरक्षण करार आहेत; त्यांचं सैन्यही तिथे आहे. पण बेटं सोडवण्यासाठी यांच्यापैकी कुणीही पाऊल उचललेलं नाही. त्यांना होर्मुझची वाट खुली हवी, बेटावर झेंडा कुणाचा हे त्यांच्यासाठी दुय्यम आहे.

इराणलाही असाच अनुभव आला. डिसेंबर २०२२ मध्ये चीनने आखाती देशांसोबतच्या निवेदनात बेटांचा प्रश्न शांततेने सोडवावा असं म्हटलं, आणि इराणने चिनी राजदूताला बोलावून नाराजी कळवली. जुलै २०२३ मध्ये रशियाच्या बाबतीत तेच झालं. ज्यांना इराण आपले दोस्त मानतो, त्यांनाही अरब बाजूचा व्यापार हवाच आहे.

वाद सुटत का नाही?

प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावं, असं अमिराती म्हणते. त्या न्यायालयात असा खटला चालवायला दोन्ही देशांची संमती लागते आणि इराण ती देत नाही. मालकीवर चर्चाच नाही, गैरसमज असतील तर आपसात बोलू, असं इराणचं म्हणणं. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारावर दोघांनी सह्या केल्या, पण मंजुरी दोघांनीही दिलेली नाही. आणि दिली असती तरी तो करार समुद्राच्या सीमा ठरवतो, बेटाची मालकी नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाद असूनही दुबई आणि इराण यांच्यातला व्यापार बंद पडलेला नाही. पुढच्या वेळी ‘तीन बेटां’ची बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी तपासा : निवेदन कुणी काढलं, त्यात नुसतं बोलणं आहे की काही करण्याचं वचन, आणि बेटावर राहणाऱ्यांचा त्यात एक शब्द तरी आहे का. पन्नास वर्षांहून अधिक काळच्या कागदांत ही तिसरी गोष्ट सगळ्यात कमी सापडते.