जी८ राहतो कुठे?

१९८३ साली बोस्टनमध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाकडे डीएनएचा एक तुकडा होता. नाव जी८. हे नाव म्हणजे प्रयोगशाळेतली नुसती खूण. त्यावरून ना तुकड्याचं काम कळे, ना ठिकाण. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठी हंटिंग्टनच्या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेली कुटुंबं राहतात. त्यांचे रक्तनमुने नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी गोळा केले होते. त्यांत आजार आणि जी८चं एक ठरावीक रूप हातात हात घालून पुढच्या पिढीत उतरताना दिसलं. म्हणजे दोघं शेजारी.

पण हे शेजारी राहतात कुठे? उंदीर आणि माणूस यांच्या पेशींचा संकर केला, तेव्हा माणसाचं चौथं गुणसूत्र टिकलेल्या पेशींतच जी८ सापडला. नोंदवहीत त्याला नवं नाव मिळालं, डी४एस१०: डी म्हणजे डीएनए, चार हे गुणसूत्र, एस म्हणजे एकदाच आढळणारा तुकडा आणि दहा हा अनुक्रमांक.

त्याहून नेमका पत्ता लिहिण्याची सोय आधीच झाली होती. स्टॉकहोममध्ये टोर्ब्योर्न कास्परसन आणि लोरे झेक यांनी क्विनाक्रिनने रंगवलेल्या गुणसूत्रांवर चमकते-फिकट पट्टे दाखवले आणि १९७१च्या पॅरिस परिषदेत त्यांना क्रमांक मिळाले. हंटिंग्टनच्या जनुकाचा पत्ता ४पी१६.३, म्हणजे चौथं गुणसूत्र, आखूड बाहू, पहिला विभाग, सहावा पट्टा, तिसरा उपपट्टा. ‘सोळा’ म्हणालात की जाणकार लगेच ‘एक-सहा’ अशी दुरुस्ती करतो. पत्ता इतका नेटका, तरी जनुक हाती यायला १९९३ उजाडलं.

एखादा प्रोब, म्हणजे जी८सारखा जागा शोधायला वापरलेला डीएनएचा तुकडा, कोणत्या पट्ट्यात बसतो हे ठरवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम होतं. किरणोत्सारी प्रोब काचपट्टीवरच्या गुणसूत्रांना चिकटवायचा, वर छायाचित्रणाचा लेप द्यायचा, काचपट्टी कित्येक दिवस अंधारात ठेवायची आणि मग पेशीमागून पेशी बघत चांदीचे काळे कण मोजायचे. कणांची गर्दी जिथे, तो पट्टा. इन्सुलिनचं जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूच्या टोकाशी असल्याचं १९८१ साली असंच दाखवलं गेलं. पुढे चमकणारे प्रोब आले आणि वाट पाहणं संपलं.

आज जनुक-चिपच्या तक्त्यात १००७_एस_एटी या क्रमांकापुढे डीडीआर१ हे जनुक आणि ६पी२१.३३ हा पट्टा क्षणात मिळतो. मात्र डीएनएच्या अक्षरमालेत पट्ट्याची हद्द कुठेच आखलेली नसते. २००१ साली सुमारे ७,६०० तुकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या जागा आणि अक्षरमाला या दोन्हींशी जोडले गेले; अशा तुकड्यांच्या आधाराने टेरी फ्युरी आणि डेव्हिड हाउसलर यांनी २००३ साली हद्दी गणिताने ठरवल्या. तेव्हा हद्दीलगतचा एखादा प्रोब एका तक्त्यात या पट्ट्यात आणि दुसऱ्यात शेजारच्या पट्ट्यात दिसला, तर दर वेळी टंकलेखकाला दोष देऊ नये.