भ्रूणरोपण
शरीराबाहेरील फलनातून तयार झालेले भ्रूण बारीक, लवचीक नळीने गर्भाशयात सोडण्याची क्रिया. आयव्हीएफमधील (शरीराबाहेरील फलनाच्या उपचारातील) निर्णायक टप्पा. रुग्णांच्या बोलण्यात ‘ट्रान्सफर’.

इतिहास : परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मलेली मुलगी हे भारतातील शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेले पहिले आयव्हीएफ अपत्य मानतात. मात्र अग्रमान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या 1978 च्या कामाला द्यावा, असे परळच्या प्रकल्पातील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच 1997 मध्ये मांडले.

प्रक्रिया : रोपण फलनानंतर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी होते, गोठवलेले भ्रूण असल्यास गर्भाशयाचे अस्तर आधी बहुधा औषधांनी तयार करतात. सहसा भूल लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी करत नळी आत नेतात. काम काही मिनिटांत संपते. मूत्राशय भरलेले असले की गर्भाशय स्पष्ट दिसते. उपचारांसाठी मुंबईला येणाऱ्या बोईसर-पालघरच्या स्त्रियांची अडचण इथेच होते. मुंबई सुमारे 100 किलोमीटर दूर आणि लोकलमध्ये शौचालय नाही. म्हणून पाणी घरून पिऊन निघू नये, रुग्णालयात पोहोचल्यावर सांगितल्याप्रमाणे प्यावे.

भ्रूण ‘खाली पडेल’ ही भीती निराधार आहे. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. चालल्याने, जिना चढल्याने किंवा लघवीला गेल्याने ते निसटत नाही. दिवसेंदिवस झोपून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. तरीही घरोघरी सून पलंगाला खिळवली जाते. परतीचा प्रवास बसून, गर्दीची वेळ टाळून करावा, एवढे पुरे. दोन भ्रूण सोडल्यास जुळ्यांची, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची जोखीम वाढते.

कायदा : सहायक प्रजननाविषयीच्या 2021 च्या अधिनियमानुसार उपचारांसाठी स्त्रीचे वय 21 ते 50, पुरुषाचे 21 ते 55.

मानसिक ताण : निकालाच्या प्रतीक्षेत सर्वाधिक.

निकाल : बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी रोपणानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. बीज पक्व करण्यासाठी दिलेल्या एचसीजी इंजेक्शनमुळे घरची लघवीची चाचणी त्याआधी फसवू शकते. पोट झपाट्याने फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. थोडा रक्तस्राव म्हणजे अपयश नव्हे. तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनी दिलेले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्वतःहून बंद करू नये.