शंभर मिलिमीटर

देहूरोड स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षात बसा. मागच्या बाकावर दाटीवाटीने जागा मिळेल. आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनलेली ही मिनिडोर चिंचोली, माळवाडी करत धडधडत देहूत पोचेल. तारीख १४ जानेवारी १९९९, वार गुरुवार. एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी आणि त्यात संक्रांत, म्हणून रस्त्यावर डब्याच्या पिशव्या कमी आणि ऊस, बोरं, वाणाची सुगडी जास्त. देवळाकडून टाळांचा आवाज येतो आहे. गल्लीत वळा, पत्र्याच्या जिन्याने वर चढा आणि कुलूप काढा. आज ही खोली तुमची आहे. तुम्ही डायफिटर आहात, भोसरीच्या एका मोल्डिंग शॉपमध्ये कामाला.

खिडकी आधी उघडा, कारण अजून थोड्या वेळाने वास होणार आहे. खिडकीपाशी पाट, पाटावर वर्तमानपत्र आणि त्यावर तो खोका. वरच्या कोपऱ्यात दोन पांढरे तारे, एक लाल चौकोनात, एक निळ्या. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी. आत फोक्सवॅगन बीटल, १/२४ मापाची, सुट्या भागांची. ट्रेनिंगला परदेशी गेलेल्या एका इंजिनीअरने सामानातून आणून दिली आहे. असल्या वस्तूंच्या आयातीवर अजून बंधनं आहेत. ती २००० आणि २००१ च्या एप्रिलमध्ये उठतील. तोवर अशी किट येते ती कुणाच्या तरी बॅगेतूनच.

झाकण काढा. दुसरा कुणी इथे खेळणं बघेल. तुम्हाला दिसतो तो शॉट. मशीनमधून नुकता बाहेर पडल्यासारखा, रनरसकट. मधला जाड दांडा, त्याला फुटलेले फाटे, प्रत्येक भागाशी बारीक गेट. तुम्ही एक भाग उलटा करता आणि इजेक्टर पिनचे गोल ठसे शोधता. सगळे आतल्या बाजूला, जिथे सीट बसल्यावर ते झाकले जातील. बंपरच्या जाड जागी सिंक मार्कचा खळगा नाही. कडेला फुटलेलं प्लास्टिक, म्हणजे फ्लॅश, नाही. बॉडी एका तुकड्यात आहे, म्हणजे डायला बाजूने सरकणाऱ्या स्लाइड्स असणार, आणि त्या जिथे मिळतात ती पार्टिंग लाईन मडगार्डच्या कडेकडेने नेली आहे. पॉलिश पेपर फिरवला की ती जाईल. ही रेघ कुठून न्यायची हे कुणीतरी टूलरूममध्ये उभं राहून ठरवलं आहे. त्या माणसाचं नाव खोक्यावर नाही, पण त्याचं काम तुम्हाला वाचता येतं. देहू ते चाकण पट्ट्यात असं वाचू शकणारे हात हजारोंनी आहेत, आणि या छंदावर त्यांचा हक्क पहिला आहे असं मी मनापासून मानतो.

हे हात इथे आपोआप आलेले नाहीत. १९६६ साली सुमंत मुळगावकरांनी टाटांच्या टेल्को या वाहन कंपनीचं काम पिंपरी-चिंचवडमध्ये सुरू केलं. टूलरूम उभी राहिली, शिकाऊ मुलं घेतली गेली. त्यांतले कित्येक पुढे भोसरीच्या शेडांत गेले, त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं. तुम्हीही कुणाकडून तरी असेच शिकला आहात: डायचे दोन भाग, कोअर आणि कॅव्हिटी, निळा रंग लावून जुळवायला आणि फाइलचा शेवटचा हात कधी थांबवायचा ते ओळखायला.

खोक्यातलं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि क्षणभर शिझुओकात डोकवा, १९७६ साल. १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झालेली ही कंपनी आता पोर्शेचं मॉडेल काढते आहे. फोटो आणि ड्रॉइंगवर समाधान होईना म्हणून कंपनीच्या शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करायला लावली. आत काय आहे ते बघितल्याशिवाय बाहेरचा आकार नीट येत नाही, ही त्या घरची शिस्त. तुम्हाला त्यात नवल वाटत नाही. टेल्कोने निस्सानचा बंद पडलेला कारखाना ऑस्ट्रेलियातून सुटा करून पुण्याला आणला आणि त्यावर गाडी उभी केली, हे तुमच्या शॉपमधल्या पोरांना पाठ आहे.

परत या. गेटजवळून नेलकटरने भाग तोडा, चिकटून कापू नका, थोडा दांडा राहू द्या आणि तो ब्लेडने नंतर उतरवा. दार वाजतं. घरमालकीण वाटी घेऊन उभ्या.

“भाऊ, तिळगूळ घ्या, गोड बोला. सुट्टीचं पण कामच करताय का?”

“नाही वहिनी, गाडी जोडतोय.”

“एवढीशी?” त्या वाकून बघतात. मागून त्यांचा मुलगा घुसतो आणि बॉडी उचलतो. त्याला ओरडू नका. फक्त सांगा की कडेला धर.

आता जोडणी. मॉडेलवाल्यांचं खास सोल्युशन पुण्यात तुम्हाला मिळालेलं नाही. अॅक्रिलिकचे बोर्ड बनवणाऱ्याकडून बाटलीच्या तळाशी थोडं क्लोरोफॉर्म आणलं आहे. खिडकी उघडी ठेवायला सांगितली ती यासाठी, आणि बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. दोन भाग आधी कोरडे जुळवा, मग सांध्यावर ब्रशचं टोक टेकवा. द्रव फटीत आपोआप ओढला जातो. पॉलिस्टायरीन विरघळतं, दोन्ही कडा एकमेकांत मिसळतात, द्रव उडून गेला की सांधा उरतच नाही, एकच तुकडा होतो. काचांना मात्र ते लावू नका, फेविक्विकही नको; त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे साधा फेविकॉल, वाळल्यावर पारदर्शक. गॅरेजमधला ड्यूको आणि त्याचा थिनर थेट प्लास्टिकवर गेला तर पृष्ठभाग तडकून खरबरीत होतो, म्हणून आधी पातळ प्रायमर, तोही हलक्या हाताने. एरियलसाठी टाकाऊ रनरचा तुकडा मेणबत्तीवर फिरवा. मऊ पडला की ज्योतीपासून बाजूला घ्या, दोन्ही हातांनी एका लयीत ओढा. केसाइतकी तार निघते. मोल्डिंग शॉपमध्ये रनर ग्राइंडरमध्ये जाऊन पुन्हा दाणा होतो. इथे त्याची एरियल होते.

तळ जोडून झाला की व्हर्नियर काढा. पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत शंभर मिलिमीटर. खऱ्या बीटलचा व्हीलबेस २,४०० मिलिमीटर, भागिले चोवीस. हिशोब चोख.

आणि आता भिंतीवर खिळ्याला अडकवलेला तो कागद बघा. टेल्कोच्या इंडिका गाडीचं पत्रक. दोनच आठवडे झाले, ३० डिसेंबरला ती बाजारात आली. लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नंबर लावलेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कुणी एखादी ओळखली की पीसीएमटीची अख्खी बस खिडक्यांकडे झुकते. पत्रकातल्या आकड्यांवर बोट फिरवा. व्हीलबेस: २,४०० मिलिमीटर.

दोन्ही गाड्यांत साठ वर्षांचं अंतर. एकीचं इंजिन मागे, दुसरीचं पुढे. एक जर्मनीची, एक इथून सायकलवर जाता येईल अशा कारखान्यातली, अंगरखा तुरीनच्या आयडिया संस्थेच्या मदतीने बेतलेला. पण तुमच्या पाटावर दोघींची चाकं त्याच दोन बिंदूंवर येतात. इंडिकाचं किट तुमच्या पाहण्यात नाही. मग बीटलचा तळ हाताशी असताना त्यावर इंडिका बांधायची सोडून तुम्ही थांबाल का?

थांबत नाही. भंगारवाल्याकडून मोडक्या फ्रिजच्या आतली पांढरी शीट येते. ती बहुधा हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचीच असते, त्याच द्रवाने चिकटते. छपरासाठी लाकडाचा ठोकळा तासायचा, शीट तापवून लोंबायला लागली की ठोकळ्यावर दाबायची. शॉपमधला सगळा अनुभव इथे लागतो: तापमान कमी पडलं तर कोपरा भरत नाही, जास्त झालं तर शीट पातळ होऊन फाटते. दारांच्या फटी हॅक्सॉ ब्लेडच्या घासलेल्या टोकाने कोरायच्या. सर्वात अवघड ते मागचे उभे दिवे, खांबातून वर चढत गेलेले. त्या वळणात गाडीचा सगळा चेहरा आहे, आणि ते चुकलं तर गाडी कुठलीही होते. लाल पारदर्शक प्लास्टिक मोडक्या दुचाकीच्या टेललॅम्पमधून घ्या.

आता वर्षं भराभर जाऊ देत. ३१ मार्च २००९: चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू होतो. ज्या कंपनीची गाडी बॅगेतून आली होती तिची बस आता रोज सकाळी तळवड्याच्या चौकात माणसं उचलते. तुमच्या कपाटात खोके वाढलेत, काही न उघडलेले. पावसाळ्यात डेकल, म्हणजे गाडीवर चढवायची छापील चित्रं, एकमेकांना चिकटतात, म्हणून त्यांना मेणकागद. पिवळे पडलेले डेकल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा, पुष्कळ उजळतात. जुने व्हिनाइलचे टायर रिमला खातात, ते वेगळे बांधून ठेवा.

२०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबतं, पुढच्या वर्षी टाटांच्याच सुमोचं. टॅक्सीवाल्यांच्या इंडिका एकेक करून भंगारात निघतात. कागदावरची मापं कंपनीत असतील, पण दाराच्या फटीची रुंदी, वायपरची बैठक, छपराची पन्हाळ हे बघून मोजावं लागतं, आणि मोजायला गाडी लागते. मिनिडोर तर आधीच दिसेनाशा झाल्या.

तेव्हा पुढच्या गुरुवारी स्टीलचा टेप, वही आणि कॅमेरा घेऊन निघा. देहू-आळंदी रस्त्याच्या कडेच्या गोठ्यांमागे, वीटभट्ट्यांवर, बंद गॅरेजांच्या अंगणात बघा. एखादी सापडली की मालकाला विचारा. आधी व्हीलबेस घ्या, मग दोन्ही ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, मग जमिनीपासून खिडकीची खालची कड. फोटो लांबून आणि अगदी समोरून, म्हणजे आकार वाकडा येणार नाही, आणि प्रत्येक फोटोत टेप दिसू द्या. टेललॅम्प शाबूत असेल तर त्याचा कागदावर छाप घ्या. मग सगळे आकडे चोवीसने भागा.