फिनो शेरी कशासोबत प्यायची, आणि हे ठरलं कधी?

आजचा विषय शेरी. नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती तपकिरी, गोड, केकशेजारी ठेवलेली, इंग्रज आजीबाईंची वाइन. तीही शेरीच. पण दक्षिण स्पेनमधल्या ज्या हेरेझ गावावरून हा शब्द आला, तिथे जेवायला बसलात तर समोर येईल ती फिनो. फिकट पिवळी, थंडगार आणि साखरेचा मागमूस नसलेली.

अरब राजवटीत या गावाला शेरीश म्हणत. १२६४ मध्ये दहाव्या अल्फोन्सोने ते जिंकलं, पण इंग्रजांच्या तोंडी जुनंच नाव बसलं. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने जवळच्या कादिझ बंदरावर छापा घातला आणि तिथली सुमारे २,९०० पिंपं इंग्लंडला नेली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात फॉलस्टाफकडून या वाइनची लांबलचक स्तुती करवली. इथे अनेक वाइनवाले थेट उडी मारतात: शेक्सपिअरची शेरी ती हीच, ओता फिनो, आणा ऑलिव्ह. मला हे पटत नाही. फॉलस्टाफच्या पेल्यात फिनो असणं शक्य नव्हतं. तेव्हा जहाजातून जायची ती ताजी, रांगडी वाइन, आणि लोक तिच्यात चक्क साखर घालून प्यायचे.

फिनो बरीच नंतरची. अठराव्या शतकात हेरेझमध्ये द्राक्षमळेवाल्यांच्या संघाचे नियम चालत, आणि व्यापाऱ्यांना जुन्या वाइनचा साठा करायला मज्जाव होता. त्यावरून बरीच भांडणं झाली. १८३४ मध्ये संघच संपला आणि गोदामांत पिंपांच्या रांगांवर रांगा चढल्या. त्यातून सोलेरा पद्धत रुजली. सगळ्यांत खालच्या रांगेतून थोडी वाइन काढायची, ती तूट वरच्या रांगेतून भरायची, तिची तिच्या वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वर नवी वाइन. पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही. आमच्या धंद्यात याला रोलिंग अपडेट म्हणतील, पण विरजण जास्त जवळचं आहे. कालच्या दह्याशिवाय आजचं दही नाही.

विरजणासारखंच इथेही काहीतरी जिवंत असतं. पिंप मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते, तिला फ्लोर म्हणतात. लोणच्यावर असं काही दिसलं तर आपण बरणी रिकामी करू. हेरेझवाले तिला जपतात. वाइनमध्ये वरून द्राक्षाचं मद्यार्क घालतात ते फक्त टिकण्यासाठी, असा समज आहे. पण आकडा बघा: १५ टक्क्यांवर फ्लोर जगतं, १७ च्या वर नेलं की मरतं. मग हवेशी थेट संबंध येऊन तीच वाइन गडद होते, तिला ओलोरोसो म्हणतात.

आता चाखायचं. फ्लोर उरलीसुरली साखर खातं आणि वाइनला गुळगुळीतपणा देणारं ग्लिसरॉलही खातं. म्हणून फिनो जिभेवर कोरडी, खारट भासते. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, मळलेल्या कणकेचा, कच्च्या बदामाचा. अशा वाइनला नुसतं पिण्यात मजा नाही, तिला खारं आणि तळलेलं लागतं. भाजलेले बदाम, ऑलिव्ह, व्हिनेगरमधले मासे. शतावरीचे कोंब आणि आर्टिचोक भल्याभल्या वाइनची चव बिघडवतात, फिनोचं काही बिघडवत नाहीत.

सर्वांत जमलेली जोडी मात्र सानलुकारची. ग्वादालकिविर नदीच्या मुखावरचं हे गाव. १५१९ मध्ये मॅगेलनची जहाजं इथूनच समुद्रात शिरली. दमट वाऱ्यामुळे इथे फ्लोर जाड राहतं आणि वाइन आणखी हलकी होते, तिचं नाव मान्सानिया. सोबत तोर्तियितास दे कामारोनेस, म्हणजे बारीक कोळंबी घालून डाळीच्या आणि गव्हाच्या पिठाचे पातळ, कुरकुरीत तळलेले पापुद्रे. जवळ्याची भजी आठवली ना? मलाही.

तिकडे एक ठोकताळा सांगतात: पोहणाऱ्यासोबत फिनो, उडणाऱ्यासोबत आमोन्तियादो, धावणाऱ्यासोबत ओलोरोसो. लक्षात राहतो, पण इबेरिको हॅमपाशी फसतो. डुक्कर काही पोहत नाही, तरी त्या हॅमसोबत फिनोच हवी.

मग ती गोड शेरी? ती बरीचशी निर्यातीसाठी घडली. ओलोरोसोत पेद्रो हिमेनेझ द्राक्षाची गोड वाइन मिसळायची आणि ब्रिटनला पाठवायची. त्या बाजाराने हेरेझ श्रीमंत झालं आणि त्याच बाजाराने पुढे पाठ फिरवली. १९७० च्या दशकात २० हजार हेक्टरच्या वर असलेले मळे आज ७ हजारांच्या आसपास आहेत. त्या पडझडीत गोड बाटल्यांची बदनामी फिनोच्याही वाट्याला आली, हे मला अन्यायाचं वाटतं.

कुठे मिळालीच तर ७ ते ९ अंशांवर थंड करा आणि लहान औषधाचा पेला नको, साधा व्हाइट वाइनचा ग्लास घ्या. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवा. बाटलीत राखण करायला फ्लोर नसतं. सानलुकारमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे अर्धी बाटली मागवतात आणि मासे संपायच्या आत ती संपलेली असते.