कुलाब्याची सुई आणि सूर्याचा क्षोभ

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता डागांपाशी एकाएकी शुभ्र तेज चमकले व पाचएक मिनिटांत मावळले. अठरा तासही लोटले नव्हते, तोच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसुई विलक्षण अस्वस्थ झाली. तासातासाचे वेध अपुरे पडू लागले. छायाचित्रण करणारी उपकरणे तेथे अजून यावयाची होती. निरीक्षकांनी दर पाच-पंधरा मिनिटांनी डोळ्यांनी वाचून आकडे लिहिले. रोममध्ये येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की हेही आपल्या सुयांचा क्षोभ टिपत होते.

सौर डागांतील चुंबकीय बलरेषा पिळवटून तुटतात व नव्याने जुळतात, तेव्हा साठलेली ऊर्जा ज्वाळेच्या रूपाने सुटते. कधी विद्युतभारित वायूचा लोटही स्वतःचे चुंबकक्षेत्र घेऊन बाहेर पडतो. एरवी त्याला पृथ्वीपर्यंत दोन-तीन दिवस लागतात. त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असले, की खरे वादळ उठते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली गेली. (अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचेच ठाणे, नावाने साथ सोडली नाही!) आज तिचा कारभार पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरातही आहे, आम्हां धंतोलीकरांपैकी कितीजणांना ते ठाऊक असेल?

कुलाब्याचे ते आकडे २००३ साली संशोधकांनी पुन्हा अभ्यासले. क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत अंधारात बुडविणारे वादळ याहून बरेच सौम्य होते.